आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजातले हार

माझं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा बैठकीला पाच माणसं होती, आणि त्यातली दोन नुसती चहाला आलेली. भाचीच्या लग्नाची फुलं ठरवायला मात्र भावाच्या हॉलमध्ये अकरा जण जमले. सोफा भरला, दिवाण भरला, उरलेल्यांनी प्लास्टिकच्या खुर्च्या ओढल्या, आणि मधोमध मांडीवर टॅब घेऊन तो इव्हेंटवाला बसला. गोंदियाला लागून असलेल्या आमच्या कुडव्यात आता फुलवाल्याला फुलवाला म्हणत नाहीत. फुलवाला हजारात बोलतो, इव्हेंटवाला लाखात. फुलं तीच असतात. किंवा नसतात, ते पुढे सांगते.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. रेल्वेत नोकरी, स्वभावाने गरीब, आणि घरात वाद निघाला की पंख्याकडे बघत बसायची जुनी सवय. पंखा बंद असला तरी बघतो. भावजय हुशार बाई, संसार तिनेच ओढला, हे मी कधी नाकारलं नाही. पण तिला एक दुखणं आहे, लोक काय म्हणतील. त्यावर औषध म्हणून तिने आपला भाऊ, म्हणजे नवरीचा मामा, बोलावून ठेवला होता. मामाला सगळं माहीत असतं. मामाच्या ओळखीचा माणूस नाही असं एकही दुकान गोंदियात नाही. इव्हेंटवालाही मामानेच आणलेला.

त्याने सिल्व्हर, गोल्ड आणि रॉयल अशी तीन पॅकेजं दाखवली. सिल्व्हर दाखवताना तोंड असं केलं की बघणाऱ्यालाच लाज वाटावी, आणि भावजयीला ती लगेच वाटली. रॉयलमध्ये गेट, स्टेज, सेल्फी काढायची फुलांची चौकट, गाडीची सजावट, पाकळ्यांचा वर्षाव आणि नवरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी कुंड्या. रंग सगळे पेस्टल. पेस्टल म्हणजे काय, असं मी विचारलं, तर मामा म्हणाला फिक्का. आम्हा बौद्धांच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यात उभे राहतात, त्याहून फिक्कं हे लोक काय करणार होते कोण जाणे.

लग्न मे महिन्यातलं, तेही दुपारचं. गोंदियाच्या मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे नागपूरहून येणाऱ्या ऑर्किडची काय कथा. मी आपलं सरळ सांगितलं, नागरा गावाच्या पुढे एका माळ्याची वाडी आहे, तो झेंडू आणि निशिगंध सकाळी तोडून देतो, रॉयलच्या पाव पैशात गेट आणि स्टेज दोन्ही होतील, उरलेल्या पैशात पोरीला चांगलं कपाट घेऊन द्या. इव्हेंटवाल्याने माझ्याकडे दयेने बघितलं.

"ताईजी," तो म्हणाला, "झेंडू में फोटो नहीं आता."

मी छत्तीस वर्षं सरकारी नर्स होते. नाना तऱ्हेचा मूर्खपणा या कानांनी ऐकला आहे. पण झेंडूचा फोटो येत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आणि अकरा माणसांपैकी एकालाही हसू आलं नाही.

आकडा पावणेदोन लाखांवर जाऊन थांबला. भावाने पंख्याकडे बघितलं. भावजय म्हणाली एकुलती एक पोरगी आहे, लोक काय म्हणतील. मामा म्हणाला पाच हजार कमी करवतो, आणि खरंच कमी करवले, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे कौतुकाने बघितलं. पाच हजार कमी करून पावणेदोन लाख घालवायचे याला आमच्याकडे व्यवहार म्हणतात.

मग मी विचारलं, वंदनेची फुलं कोणत्या रकान्यात आहेत? कारण आमच्या लग्नात खरा विधी तेवढाच. टेबलावर बुद्धांची मूर्ती आणि तसबिरी, पुढे मेणबत्ती, अगरबत्ती आणि फुलं, त्रिशरण पंचशील, मग दोघांनी एकमेकांना हार घालायचे. झालं लग्न. बाकीचा सगळा मांडव त्याच्या भोवतीचा. इव्हेंटवाल्याने बोटाने टॅब खालीवर केला. गाडीच्या आरशाला लावायची फुलंसुद्धा रॉयलमध्ये होती, वंदनेची नव्हती. भावजय म्हणाली ते होऊन जाईल ना ताई.

तेवढ्यात भाची चहाचा ट्रे घेऊन आली. ती गोंदियात एका लॅबमध्ये नोकरी करते, मोजकं बोलणारी मुलगी. ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, हार लिहू नका त्यात, हार आत्या गुंफेल.

हे ती उगाच म्हणाली नव्हती. लहानपणी दर पौर्णिमेला ती माझ्याकडे असायची. विहारात न्यायचा हार मी घरी गुंफत असे. माझ्या आईने शिकवलेली रीत, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मधून दोऱ्याचा फास, आणि शेवटी खाली एक पांढरा चाफा लटकता ठेवायचा. भाची कळ्या निवडून द्यायची. सात वर्षांची असताना एकदा तिने विचारलं होतं, माझ्या लग्नाचा हार तूच करशील ना? मी म्हटलं होतं, मी नाही तर कोण करणार. मला मूलबाळ नाही. लग्नात मानपान, साडीचोळी, स्टेजवर खुर्ची, यातलं मला काही नको होतं. गेट रॉयल लावा नाहीतर महारॉयल. तो एक हार मात्र मला करायचा होता, आणि माझ्या हाताने तिच्या हातात द्यायचा होता.

भावजयीने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि गोड आवाजात म्हणाली, "तुमी कायले तकलीफ घेता ताई? पॅकेजमध्ये हायेत ना हार."

आता या 'तकलीफ'चा अर्थ सांगते. मी विधवा आहे. लग्नाला चार वर्षं पुरी व्हायची होती, तेव्हा नवरा गेला. सकाळी चहा पिऊन मोटारसायकलवर ड्युटीला निघाला, संध्याकाळच्या चहाला येतो म्हणाला, आणि रस्त्यात ट्रकने उडवला. मी तेव्हा इटियाडोह धरणाकडच्या एका आरोग्य केंद्रात होते. निरोप आला त्या वेळी एका बाईचं बाळंतपण चालू होतं. ते पुरं केलं, हात धुतले आणि मग घरी आले.

आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव टोपलीत भरून तळ्यात सोडले. ते आमच्या घरी अजून अभिमानाने सांगतात. बावीस प्रतिज्ञा पोरासोरांना पाठ. शुभ-अशुभ, शकुन-अपशकुन असलं काही आपण मानत नाही, असं माझा भाऊ जयंतीला माईकवरून बोलतो आणि चांगलं बोलतो. त्यामुळे विधवेने हाराला हात लावू नये असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. म्हणायची सोयच नाही. म्हणून मग 'तकलीफ' म्हणतात. साखरपुड्याच्या ताटापाशी गेलं, तर ताई तुमी तकलीफ नोका घेऊ. नवरीच्या साडीची घडी उचलली, तर ताई बसा ना तुमी. देव तळ्यात गेले. हे एवढं मात्र कोणीतरी कमरेला खोचून परत घरी आणलं.

आणि हेच हात! या हातांनी मी किती बाळं काढली त्याचा हिशोब नाही. भावजयीला कळा आल्या त्या दिवशी रस्ते पाण्याखाली होते, तेव्हा ही भाचीसुद्धा याच हातांनी बाहेर आली. नाळ मी कापली. तेव्हा भावजय माझं मनगट धरून ओरडत होती, ताई सोडू नोका मले. त्या वेळी नवरा जाऊन मला दीड वर्ष झालं होतं. तेव्हा कोणी म्हटलं नाही तकलीफ घेऊ नका म्हणून. गरज सरो, वैद्य मरो.

त्या बैठकीत मी गप्प राहिले. भाचीही गप्प राहिली. तिच्यावर मला जास्त राग आला. ट्रे उचलून आत गेली, वळूनसुद्धा बघितलं नाही. भावाबद्दल बोलत नाही, तो पंख्याशी बोलत होता. इव्हेंटवाल्याने लिहून घेतलं, वरमाला दोन, डिझायनर, इन्क्लूडेड.

पुढचे चार महिने हे पेस्टल प्रकरण चाललं. मामा रोज कुठल्या तरी लग्नाचे फोटो पाठवी आणि भावजय रोज एखादी कुंडी वाढवी. हळदीला सगळ्या बायकांनी फुलांचे दागिने घालायचे ठरले. ज्या समाजाने हळद सोडून दोन पिढ्या झाल्या, त्याने ती थीम म्हणून परत आणली. मला त्या कार्यक्रमात मठ्ठ्यावर बसवलं. मठ्ठ्यावर लक्ष द्यायला जबाबदार माणूस पाहिजे ना ताई. पाच सवाष्णी पिवळ्या साड्या नेसून कागदी फुलांचे बाजूबंद सांभाळत होत्या आणि मी सवाष्ण असते तर मला तो बाजूबंद घालावा लागला असता, या विचाराने मला त्या दिवशी वैधव्याचं पहिल्यांदा बरं वाटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने नागपूरहून थर्मोकोलचा डबा आला. भावाच्या घरी सगळ्यांसमोर उघडला. दोन हार, हातभर जाड, पांढरे गुलाब, जांभळट ऑर्किड, मधे मोगरा. दिसायला छान होते, उगाच खोटं कशाला बोलू. पण गुलाबाच्या कडा आताच मऊ पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते टिकवायचे कसे, हा प्रश्न पडला.

मी गिळला तो अपमान आणि पुन्हा बोलले. पोरीचं लग्न होतं. म्हटलं, माझ्या घरी द्या. खालच्या खोलीत वाळ्याचा कूलर आहे. बांबूच्या टोपलीत पातळ ओलं कापड, त्यावर हार, वर पुन्हा ओलं कापड. मी दर दोन तासांनी पाणी शिंपडेन. आईने अशीच फुलं ठेवली, मीही अशीच ठेवते, दीड दिवस काही होत नाही.

भावजय डब्याचं झाकण हळूच लावत म्हणाली, कायले तकलीफ. भावाने वर बघितलं.

मामाला अशी संधी सोडवत नाही. त्याच्या ओळखीचा एक आइस्क्रीमवाला होता. त्याचा मोठा फ्रीज, वर झाकणाचा, आडवा. मामा म्हणाला तिथं ठेवतो, महिनाभर काही होणार नाही. मी म्हटलं, अरे, तो बर्फ करायचा फ्रीज असतो, फुलं जळतील त्यात. लस ठेवायच्या फ्रीजवर माझी अर्धी नोकरी गेली. चुकून बर्फाच्या कप्प्यात गेलेली लस फेकावी लागते, हे मी गावोगावच्या पोरींना शिकवलं. मामा हसला. "ताई, थंडीत कुठं जळते का फूल?" म्हणाला, आणि डबा बगलेत मारून गेला. विधवेच्या टोपलीपेक्षा आइस्क्रीमवाल्याचा फ्रीज शुभ ठरला. काजूद्राक्ष आणि बटरस्कॉचच्या मधे माझ्या भाचीचं सौभाग्य जाऊन बसलं.

लग्नाच्या दिवशी मी सकाळी अंगणातला मोगरा तोडला. टोपलीभर कळ्या, आठदहा चाफे, सगळं ओल्या कापडात गुंडाळलं आणि गावाबाहेरच्या लग्नाच्या लॉनवर गेले. वंदनेच्या फुलांचं 'ते होऊन जाईल' म्हणजे मीच, हे मला माहीत होतं. मूर्तीपुढे ओंजळभर वाहिली. तिथे कोणी अडवलं नाही. बुद्धांपुढे माझा हात चालतो, जावयापुढे चालत नाही. उरलेली फुलं तशीच कापडात ठेवून टोपली टेबलाखाली सरकवली आणि मी पिण्याच्या पाण्याच्या कॅनपाशी जाऊन बसले. या खेपेला माझ्याकडे पाणी होतं.

पत्रिकेत वेळ साडेअकराची. साडेबाराला वरात लॉनपासून फर्लांगभर होती आणि डीजेपुढे नाचत होती. एक वाजता मामा डबा घेऊन आला. स्टेजच्या मागच्या खोलीत उघडला तेव्हा मी दारात उभी होते.

हार लाकडासारखे कडक झाले होते. उचलले तर खट्ट वाजले. एक गुलाब तुटून फरशीवर पडला आणि घरंगळत गेला. सगळे मामाकडे बघायला लागले. मामा म्हणाला काही नाही जी, पाच मिनिटं उन्हात ठेवा, सुटते. आणि खरंच, त्या शहाण्याने ते हार मागच्या अंगणात उन्हात खुर्चीवर पसरले! पाच मिनिटांत ते सुटले. गुलाब काळे पडले, ऑर्किड चिकट झाले, मोगरा चहाच्या चोथ्याच्या रंगाचा झाला आणि खुर्चीवरून पाणी ठिबकायला लागलं. इव्हेंटवाला धावत आला आणि म्हणाला मैंने फ्रिज बोला था, डीप फ्रीजर नहीं बोला था. आता मामा त्याच्याशी भांडायला लागला. नाचता येईना, अंगण वाकडं.

कोणी तरी बाजारात फोन लावले. लग्नतिथींचा दिवस, सकाळचा माल संपलेला, दुपारची दुकानं बंद, नवीन हार चार वाजता मिळतील म्हणाले. चार वाजेपर्यंत आठशे पाहुणे, जेवण आणि नवऱ्याचा बाप, यांना कोण थांबवणार? भावजय रडायला लागली. तिचं रडणं मला बघवलं नाही असं मी लिहिणार नाही. मी ते नीट बघितलं.

मग ती माझ्याकडे आली. पाण्याच्या कॅनपाशी, आठशे माणसांच्या त्या लॉनमध्ये. "ताई..." म्हणाली आणि थांबली. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी गाढव तर गाढव, पण लाथ मारल्याशिवाय कशी राहीन?

"काय तकलीफ घेऊ, सांग," मी म्हटलं.

तिला ते लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. "दोन हार गुंफून द्या," ती म्हणाली, आणि मग इकडे तिकडे बघून, आवाज खाली आणून, "पण तुमी केले म्हणून कोणाले सांगू नोका."

त्या क्षणी उठून बसस्टॅंडवर जावं असं मला वाटलं. खरंच वाटलं. जाऊ देत यांचे हार, घालू देत एकमेकांना बटरस्कॉच. पण मी मघाशी नवरीच्या खोलीच्या दारातून भाचीला बघितलं होतं. पांढऱ्या साडीत बसली होती, ब्यूटीपार्लरवाली तिच्या निऱ्यांना पिना लावत होती, आणि तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. मी उठले.

टेबलाखालची टोपली काढली. कापड अजून ओलं होतं आणि कळ्या सकाळी होत्या तशा टवटवीत. पण दोन हारांना तेवढ्या पुरणार नव्हत्या, म्हणून गेटवरून निशिगंध काढायला गेले. तिथे रॉयलचा खरा उलगडा झाला. माणसाचा हात पोहोचतो तिथपर्यंतची फुलं खरी होती. त्याच्या वरची सगळी कापडाची आणि प्लास्टिकची. पावणेदोन लाखांत आम्ही छातीपर्यंतची फुलं विकत घेतली होती. खालच्या बाजूला, बहुधा भरती म्हणून, कोणी तरी झेंडूही खोचला होता. फोटो न येणारा. तोही घेतला.

पार्लरवालीकडून दोरा मागून घेतला. मागच्या खोलीत गॅसच्या टाक्या आणि पनीरच्या थैल्या यांच्यामधे बसून मी माझ्या भाचीच्या लग्नाचे हार गुंफले. दार भावजयीने बाहेरून लोटून घेतलं होतं. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे. बाहेर वरात नाचत होती. मी आयुष्यभर डीजेला शिव्या दिल्या, त्या दिवशी मनात म्हटलं, नाचा रे बाबांनो, अजून थोडं नाचा. पाऊण तासात दोन्ही हार झाले. शेवटी खाली एकेक चाफा सोडला. ते मुद्दाम केलं नाही, हाताला तीच सवय आहे.

भावजय ताट घेऊन आली, हार ताटात ठेवले, वर रेशमी रुमाल टाकला आणि गेली. थॅंक्यूसुद्धा घाईत म्हणाली. मी पुन्हा पाण्यापाशी जाऊन उभी राहिले.

विधी सुरू झाला. त्रिशरण झालं, पंचशील झालं, दोघांनी प्रतिज्ञा म्हटल्या. बौद्धाचार्य म्हणाले, आता वधूवरांनी हार घालावेत. भावजयीने रुमाल काढून ताट पुढे केलं. नवऱ्या मुलाने आपला हार उचलला. भाचीने हात पुढे केला आणि थांबली. तिने तो खालचा चाफा बोटाने वर उचलून बघितला. ती वर बघून आईला काहीतरी बोलली. मग बौद्धाचार्यांच्या हातातल्या माईककडे वाकली.

"हा हार माझ्या आत्याचा हाय," ती म्हणाली. "जिनं गुंफला तिनंच माझ्या हातात द्यावा. मी थांबून आहे."

आठशे माणसं गप्प झाली. मला आजही त्या शांततेचं हसू येतं. कारण तिथल्या निम्म्यांना कळलं होतं काय चाललंय, आणि एकालाही बोलता येत नव्हतं. जी गोष्ट कधी तोंडाने बोललीच नाही, ती आता माईकसमोर, मूर्तीसमोर, कोणत्या तोंडाने बोलणार? बौद्धाचार्य बाहेरगावचे, साधे गृहस्थ. ते म्हणाले, बोलवा ना मग आत्याबाईंना, अडचण काय आहे? भावजयीने मग हसून हाक मारली, या ना ताई. भाऊ स्टेजवर उभा होता. तिथे पंखा नव्हता, त्याला माझ्याकडेच बघावं लागलं.

मी चालत गेले. त्या शंभर पावलांत मला काय काय सुचत होतं! भावजयीला काय म्हणायचं, मामाला काय म्हणायचं, सगळं जुळवून ठेवलं होतं. वर चढले. हार उचलला. भाचीने दोन्ही हात पुढे केले.

आणि माझा हात पुढे जाईना.

कसं सांगू, पण खरं तेच सांगते. माझ्या मनात आलं, नको. माझ्या हाताने नको. पोरीचं काही बरंवाईट झालं तर? समोर तो नवरा मुलगा उभा, सत्तावीस वर्षांचा, नोकरीला रोज मोटारसायकलने जाणारा. इतके महिने ज्या गोष्टीवरून मी भावजयीला मनात शिव्या घातल्या, ती माझ्या स्वतःच्या आत, एवढ्या वर्षांची ठाण मांडून बसलेली होती. मूर्तीपुढे सकाळी फुलं वाहताना ती तिथेच होती. मी माझ्या हातातल्या हाराकडे बघत राहिले आणि मला माझीच घाण वाटली.

"दे ना आत्या," भाची हळू म्हणाली, माईकपासून तोंड वळवून. "काऊन थांबली?"

मी दिला. तिने तो घातला, त्याने तिला घातला, वरून पाकळ्या पडल्या. त्यातल्या अर्ध्या कापडाच्या होत्या, हे मला खाली वाकून बघायची गरज नव्हती.

त्याला आता आठ महिने झाले. दोघं सुखात आहेत. जावयाची नोकरी तीस किलोमीटरवर, मोटारसायकलने जातो येतो. मी रोज संध्याकाळी सातला भाचीला फोन लावते. भावजय साऱ्या कुडव्यात सांगते, आमच्या ताईंची माया बघा, एक दिवस चुकत नाहीत. भाचीलाही तसंच वाटतं. मी तिला आधी एकच विचारते, आला का तो घरी?

"हाव आत्या," ती म्हणते. "चहा पिऊन राहिला."

मग मी फोन ठेवते.